ठोकळ्याच्या जागी रमिलाबेन

रमिलाबेन धोडींबद्दल लिहायचं तर आधी एका ठोकळ्याबद्दल लिहावं लागतं, आणि त्या ठोकळ्याबद्दल मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मॅडमजवळ तर नाहीच नाही. राखाडी रंगाचा, साबणाच्या वडीच्या दुप्पट आकाराचा, एका कोपऱ्यापासून मधोमध तडकलेला असा तो ठोकळा माझ्या कपाटात जुन्या स्वेटरखाली पडून आहे. फेकवत नाही, आणि ठेवून तरी काय करणार आहे ते मला ठाऊक नाही.

२०१५ साल. मी डहाणू रोडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेला, हातात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, वय चोवीस आणि अक्कल त्याच्या निम्मी. डहाणूहून तलासरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं. स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांना सलाईनमधून औषध द्यायची सोय तिथे नुकतीच झाली होती, म्हणजे दर वेळी मुंबई गाठायला नको. मुंबईहून एक डॉक्टर मॅडम पंधरा दिवसांनी यायच्या. त्यांनीच एक यंत्र आणलं आणि ते चालवायला मला ठेवलं. यंत्राला वायरने जोडलेला एक प्रोब होता, टीव्हीच्या रिमोटएवढा. तो गाठीवर टेकवायचा. त्यातून लाल उजेड कातडीतून आत जातो, थोडा शोषला जातो, थोडा परत येतो. सुई नाही, एक्स-रे नाही, दुखणं नाही. गाठीला वाढायला रक्त लागतं, आणि रक्त हा उजेड खातं. रक्त जास्त तर पडद्यावरचा आकडा मोठा. औषध लागू पडलं की गाठ हाताला लहान लागायच्या पुष्कळ आधी आतलं रक्त आटतं आणि आकडा उतरतो. नाही उतरला, तर डॉक्टरांनी वेळेत औषध बदलावं. एवढंच सगळं.

पण पहिल्या आठवड्यात एकही बाई माझ्या खोलीत यायला तयार होईना. कशी येईल? छातीवर प्रोब टेकवायचा आणि टेकवणारा चोवीस वर्षांचा बाप्या. मी रिकाम्या खोलीत यंत्राकडे बघत बसायचो. रमिलाबेन तिथे आया होत्या, माझ्या खोलीची फरशी पुसायच्या. चौथ्या दिवशी त्या पोछा बादलीत पिळता पिळता म्हणाल्या, "सर, मधे पडदा बांधा ने. तुम्ही पलीकडे बसून टीव्ही बघा. बॅटरी मी धरते."

प्रोबला त्या शेवटपर्यंत बॅटरीच म्हणत राहिल्या. मॅडमनी त्या खेपेला मुक्काम करून त्यांना आठ दिवस शिकवलं. पाचव्या दिवशी मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हा हात बघितलास? इतका स्थिर हात मला मुंबईत मिळत नाही." मी ते रमिलाबेनना सांगितलं. त्या दिवशी त्यांनी फरशी दोनदा पुसली.

रमिलाबेन चाळिशी ओलांडलेल्या, बुटक्या, रुंद हाडाच्या, कपाळावर मधोमध गोंदलेला एक हिरवा ठिपका. शाळा चौथीपर्यंत. तलासरीजवळच्या पाड्यावरून सकाळच्या एसटीने यायच्या. घरी धोडिया बोलायच्या, बाजारात गुजराती, आमच्याशी मराठी, आणि वारली बायकांशी त्यांच्या वारलीत. नवरा रमणभाई घोलवडच्या एका नर्सरीत चिकूची कलमं बांधायचा. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायच्या, "नाही झालं. पुढे बोला."

तीन वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं, पण खरं सांगायचं तर मी त्यांना पडद्यापलीकडूनच ओळखत होतो. कामाची आमची एक रीत बसली होती. गाठीवर आणि तिच्याभोवती नऊ खुणा, दुसऱ्या निरोगी बाजूवर तशाच नऊ. रमिलाबेन हातातल्या काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारायच्या, कारण किणकिण झाली म्हणजे हात हलला. बांगड्यांचा आवाज थांबला की मी बटण दाबायचो, आकडा मोठ्याने वाचायचो आणि कॉम्प्युटरात भरायचो. पडद्यापलीकडून "हं" आलं की पुढची खूण. डावी एक, हं. डावी दोन, हं. असे अठरा हुंकार झाले की बाई कपडे सावरून बाहेर यायची, आणि मी खिडकीबाहेर बघायचो.

लखमीआजी पहिल्यांदा आल्या तेव्हाचं मला पडद्याआडून ऐकू आलं ते लक्षात आहे. साठीच्या वारली बाई, उजव्या बाजूला मोठी गाठ. या उजेडाने आपण आतून भाजू अशी त्यांना भीती. रमिलाबेननी विचारलं, "खुडूक कोंबडीखालचं अंडं तू उजेडाला धरतेस की नाही?"

"धरते."

"कशाला?"

"आत पिल्लू धरलंय का बघाया."

"मग अंडं भाजतं त्याने?"

"नाय."

"मग तू कशी भाजशील? बस गप."

मॅडमनी हेच समजवायला चित्रांची सहा पानी पुस्तिका छापून आणली होती. ती तशीच कपाटात राहिली. पुढे प्रत्येक नव्या बाईला अंड्याचीच गोष्ट सांगितली जायची.

रमिलाबेनच्या खोडी पुष्कळ. 'गाठ' हा शब्द त्या पेशंटसमोर कधी उच्चारायच्या नाहीत. तिला 'पाहुणी' म्हणायच्या. "पाहुणी किती उतरली आज?" असं मला विचारायच्या. पेशंटला म्हणायच्या, "पाहुणी आहे, जाईल. तू तिला जेवू घालत बसू नको." औषधाने मळमळणाऱ्या बायकांसाठी पदराच्या गाठीत सुकवलेल्या आवळ्याच्या फोडी असायच्या. आणि प्रोब पेशंटला लावायच्या आधी त्या तो स्वतःच्या काखेत धरून उबवायच्या. मला ते कळलं तेव्हा मी उखडलो. दीड लाखाची वस्तू काखेत काय घालता, म्हणालो. किंमत मला नीट माहीतही नव्हती, रागाच्या भरात तोंडाला आली ती सांगितली.

रमिलाबेन शांतपणे म्हणाल्या, "गार वस्तू लागली की बाई दचकते. दचकली की हलते. हलली की तुमचा आकडा नासतो. आता बोला."

तरी मी "बरोबर आहे" असं म्हटलं नाही. माझ्या स्वभावातली ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचंच सगळं झालं.

दुसरी अडचण खुणांची. दर खेपेला प्रोब अगदी त्याच जागी पडायला हवा, नाहीतर मागच्या आकड्याशी ताळा कसा घालणार? पेनाने केलेल्या खुणा अंघोळीत जायच्या. यावर तोडगा रमिलाबेननीच काढला. हॉस्पिटलात जुन्या एक्स-रेच्या फिल्म रद्दीत पडलेल्या असायच्या. त्या त्यांनी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवल्या आणि घासून काळा थर काढला. निळसर पारदर्शक प्लॅस्टिक उरलं. ते बाईच्या अंगावर ठेवून तिचा तीळ, चट्टा, जे काही असेल ते त्यावर गिरवायचं आणि नऊ जागी तापल्या सुईने भोकं पाडायची. पुढच्या वेळी तीळ तिळावर आला की भोकं आपोआप जागेवर. प्रत्येक बाईची वेगळी फिल्म भिंतीवर खिळ्याला टांगलेली. नावं लिहून उपयोग नव्हता, कारण एका महिन्यात तीन लखमी होत्या आणि तिघींनाही वाचता येत नव्हतं. म्हणून प्रत्येक फिल्मवर एक चित्र. कुणाची फणी, कुणाचा खेकडा, कुणाचा विळा. लखमीआजींची अर्थातच कोंबडी. बायका आल्या की स्वतः भिंतीवरून आपलं चित्र काढून घ्यायच्या. मॅडम ते बघून इतक्या खूश झाल्या की त्यांनी भिंतीचा फोटो काढून नेला.

याच लखमीआजींचं औषध दुसऱ्या डोसनंतरही लागू पडेना. आकडा उतरायचा सोडून थोडा चढलाच. हाताला गाठ होती तेवढीच लागत होती, नुसत्या हाताने काही कळलं नसतं. मॅडमनी औषध बदललं आणि पुढच्या महिन्यात पाहुणी भराभर उतरली. त्या दिवशी मॅडम गेल्यावर रमिलाबेननी मला विचारलं, "यंत्र नसतं तर किती दिवस गेले असते?"

"दोन महिने तरी. फुकट."

"दोन महिने म्हणजे लावणीपासून गौरीपर्यंत," त्या म्हणाल्या. "पुष्कळ झाले." आणि भिंतीवरची कोंबडी त्यांनी उगाच फडक्याने पुसली.

आता ठोकळा. यंत्र रोज सकाळी तपासावं लागतं. त्यासाठी हा ठोकळा होता. त्याच्या आत कधी काही बदलत नाही, म्हणून त्याच्यावर प्रोब टेकवला की रोज तोच आकडा यायला हवा. आला तर यंत्र ठीक, नाही आला तर यंत्र बिघडलं. ठोकळा आपला इमानदार, न बदलणं एवढीच त्याची नोकरी.

२०१६ च्या पावसाळ्यात एका सकाळी माझ्या एका हातात चहाचा ग्लास होता आणि दुसऱ्यात ठोकळा. खोलीत चहा आणायचा नाही असं मॅडमनी बजावलं होतं. ठोकळा सुटला, फरशीवर पडला आणि तडकला. मग टेकवून पाहिला तर आकडा भलताच. रमिलाबेन दारातच उभ्या होत्या.

"मॅडमना सांगा," त्या म्हणाल्या.

"सांगतो."

नाही सांगितलं. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. चहाचं कबूल करावं लागेल, नोकरी कच्ची, काय म्हणतील, असलं सगळं डोक्यात. तिसऱ्या दिवशी बारा पेशंट रांगेत आणि यंत्र तपासलेलं नाही. मी कपाळाला हात लावून बसलो होतो. तेव्हा रमिलाबेन म्हणाल्या, "माझ्यावर बघा ने. मी रोज तीच. तोच भात, तीच एसटी, तेच काम. माझ्यात काय बदलतं?"

आधी मी दंडावर लावून पाहिलं. दंडाचा आकडा यंत्राच्या पट्टीत बसेना, ते छातीसाठी जुळवलेलं. त्यांनीच बांगड्या वर सारल्या आणि म्हणाल्या, "पडदा आहेच की. चालशे." आणि पलीकडे गेल्या. मला तिथेच नको म्हणायला हवं होतं. मी बटणावर बोट ठेवून बसलो.

तेव्हापासून रोज सकाळी एसटीतून उतरल्या की पाय धुवायच्या, पडद्याआड जायच्या आणि स्वतःला नऊ अधिक नऊ जागी प्रोब लावायच्या. मी आकडे वाचायचो आणि कॉम्प्युटरात भरायचो. डावी एक, हं. डावी दोन, हं. आकडे सारखे आले की यंत्र ठीक. तक्त्यात 'ठोकळा' अशा मथळ्याखाली मी रोज बिनदिक्कत 'ठीक' लिहायचो. दोन-अडीच महिने ते खरंच ठोकळ्यासारखे स्थिर राहिले. रमिलाबेनना त्याचा केवढा अभिमान. पेशंट बायकांना सांगायच्या, "सकाळी यंत्र माझ्याकडे बघून शहाणं होतं, मग तुमच्याकडे येतं."

दिवाळीच्या थोडं आधी डावीकडचा पाच नंबर चढायला लागला. आधी इतका थोडा की मी लक्ष दिलं नाही. मग रोज थोडा थोडा. बाकीचे सतरा जागच्या जागी. मी चिडलो. पडद्यापलीकडे ओरडलो, "रमिलाबेन, पाचला दाबताय तुम्ही."

"नाही दाबत."

"मग हात हलतोय. पुन्हा लावा."

पुन्हा लावला. तोच आकडा. पुन्हा. तोच. असं आठवडाभर चाललं. एकदा मी म्हणालो, "पेशंटला बरोबर लावता आणि स्वतःला लावताना काय होतं तुम्हाला? झोप झाली नाही का?" पडद्यापलीकडे बांगड्या किणकिणल्या. मग म्हणाल्या, "काय चुकतं माझं ते सांगा ने, सर. मी सुधारते."

या वाक्यापाशी आलो की मला आजही मान वर करवत नाही.

यंत्र बिघडलं असतं तर अठराही आकडे बिघडले असते. यंत्राला डावं-उजवं कळत नाही, हे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचा पोरगाही सांगेल. हात बिघडला असता तर तो पेशंटवरही बिघडला असता. मग उरलं काय? जे उरलं ते बघायलाच तर आम्ही तिथे बसलो होतो. दिवसभर मी दुसऱ्यांच्या अंगातलं तेच शोधत होतो आणि सकाळी सकाळी त्याच्यावर खेकसत होतो. मला ते दिसलं नाही, कारण रमिलाबेन माझ्या लेखी पेशंट नव्हत्या. बाईही नव्हत्या. ठोकळा होत्या.

संक्रांतीच्या सुमाराला मी कंटाळून म्हणालो, "डावी बाजू सोडून द्या. उजवीच पुरे."

"का?"

"डाव्या बाजूला तुमचा हात बरोबर पडत नाही."

त्या बाहेर आल्या. बांगड्या अजून कोपरापाशीच होत्या. म्हणाल्या, "मग पेशंटना पण चुकत असेल. मी नको धरायला."

"नाही नाही, पेशंटचं ठीक आहे," मी म्हणालो. आपण काय बोललो ते मी स्वतः ऐकलंसुद्धा नाही.

त्यानंतर दुपारच्या सुट्टीत त्या मागच्या व्हरांड्यात बसलेल्या दिसायच्या. मांडीवर रिकामी साबणाची डबी, डबीवर बाटलीचं झाकण, झाकणात काठोकाठ पाणी. प्रोब धरावा तशी डबी गुडघ्यावर टेकवून धरायच्या आणि पाणी हलतं का बघायच्या. डब्यातली भाकरी तशीच. मी विचारलं तर म्हणाल्या, "हाताला सवय करते." मला हसू आलं होतं. हे मी लिहून टाकतो, कारण ते मी कुणाला सांगितलं नाही तर मी हसलोच नव्हतो असं मलाही हळूहळू वाटायला लागेल.

होळी झाल्यावरची गोष्ट. सकाळी मी खोली उघडली तर भिंतीवर एक नवीन फिल्म टांगलेली. नऊ भोकं, एक तीळ, आणि चित्राच्या जागी नुसता चौकोन. रमिलाबेन पडद्याजवळ उभ्या होत्या.

"आज नवीन पेशंट आहे," त्या म्हणाल्या. "पाहुणी डाव्या बाजूला. पाच नंबरवर."

मी फॉर्म ओढला. "नाव?"

"लिहा, रमिला रमण धोडी."

मॅडमना त्यांनी मागच्या खेपेला दाखवलं होतं. सुई घालून तपासलं, रिपोर्ट आदल्या दिवशी आला. ते पंधरा दिवस त्या रोज माझ्याबरोबर काम करत होत्या, अंड्याची गोष्ट सांगत होत्या, आवळा वाटत होत्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "चित्र हे कसलं काढलंत?"

"ठोकळा," त्या म्हणाल्या. "दुसरं काय काढू? बायका ओळखतात मला."

मग त्या पडद्याआड गेल्या. स्वतःलाच प्रोब लावणार होत्या, दुसरं होतं कोण. बांगड्या थांबल्या. मी वाचत गेलो. डावी एक, हं. डावी चार, हं. पाच नंबरचा आकडा मी वाचला. तो संक्रांतीच्या शेवटच्या आकड्याच्या वरची पुढची पायरी होता. पलीकडून हुंकार आला नाही. मी थांबलो. पुष्कळ वेळाने आला, "हं."

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी कॉम्प्युटरातली जुनी फाइल उघडली. सगळं तिथे होतं. दिवाळीपूर्वीपासून संक्रांतीपर्यंत एकेक पायरी चढत गेलेला आकडा, रोजच्या तारखेसह, माझ्याच हाताने भरलेला. मी तो रकाना पुसून टाकला. असं लिहिलं की एका ओळीत संपतं. पुसतानाही एकाच बोटाचं काम होतं.

पंधरा दिवसांनी मॅडम आल्या. रमिलाबेनचे आकडे बघता बघता म्हणाल्या, "अरे, यंत्र हाताशी असताना तुम्ही दोघांनी कधी सहज म्हणून हिला लावून नाही पाहिलं?"

"नाही मॅडम," मी म्हणालो. पडद्यापलीकडे रमिलाबेन दुसऱ्या पेशंटची फिल्म लावत होत्या. त्यांना ऐकू गेलंच असणार. त्यांनी फिल्मवरचा तीळ तिळावर बसवला.

आता सकाळी यंत्र तपासायला कुणी उरलं नव्हतं. नाइलाज झाला म्हणून मी मॅडमना फोन केला, की ठोकळा काल हातातून पडून तडकला. काल, असं म्हणालो. मॅडम म्हणाल्या, "बरं, दुसरा पाठवते. तो फेकून दे." बस, एवढंच. आठव्या दिवशी कुरिअरने नवा ठोकळा आला.

औषध सुरू झालं. पहिल्या दोन डोसांना पाहुणी उतरली, मग अडली. औषध बदललं, थोडी उतरली, पुन्हा अडली. केस गेले तेव्हा रमिलाबेननी डोक्याला रमणभाईचा गमछा बांधला आणि तशाच कामावर आल्या. हातातलं बळ गेलं तसं एका नर्सला त्यांनी प्रोब धरायला शिकवलं. तिला डबीचं आणि पाण्याचं सगळं करायला लावलं. काखेत उबवायलाही. मुंबईला ऑपरेशन झालं. परत आल्यावर काही महिने बरे गेले, मग पाठीत दुखायला लागलं. तपासण्या बघून मॅडम माझ्याजवळ हळूच म्हणाल्या, "तीन-चार महिने आधी कळलं असतं ना, तर कदाचित." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी खिडकीबाहेर बघत होतो, बायका कपडे सावरून बाहेर यायच्या तेव्हा बघायचो तसा.

२०१८ च्या अखेरीला त्यांनी येणं बंद केलं. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. रमणभाईने फोनवर सांगितलं, मी अंत्यविधीला पोचलो नाही. पोचता आलं असतं. डहाणूहून तलासरी काही लांब नाही.

पण त्याआधी एकदा मी त्यांना भेटलो. थंडीचे दिवस होते. तपासणीची तारीख कळवायचं निमित्त करून मी घोलवडला नर्सरीत गेलो. रमणभाई मांडवाखाली कलमं बांधत होता, त्याने हातातल्या सुरीनेच दिशा दाखवली. रमिलाबेन शेडमध्ये पोत्यावर बसल्या होत्या, समोर उतरवलेल्या चिकूंचा ढीग. घरी बसून कंटाळा येतो म्हणून नवऱ्याबरोबर यायच्या आणि कच्चा चिकू निवडून बाजूला काढायच्या. सालीला हलकं नख लावायचं. आत हिरवं दिसलं तर कच्चा, पिवळट दिसलं तर तयार. हात काटक्या झाले होते. बांगड्या घसरू नयेत म्हणून कोपराजवळ रबर बांधलं होतं.

"बसा ने," त्या म्हणाल्या. मी कॅरेट पालथं घालून बसलो. तारीख सांगितली. त्यांनी मान हलवली. मग चिकूवरची नजर न काढता म्हणाल्या, "सर, तुम्ही आकडे मोठ्याने वाचायचात."

"हो."

"डावी पाचचे मला पाठ आहेत. सगळे. दिवाळीच्या आधीपासूनचे."

त्यांनी तीन चिकू तयार बाजूला टाकले, एक कच्च्यात.

"मला पण शंका यायची. रात्री हात लावून बघायचे. मग वाटायचं, सर शिकलेले आहेत. ते म्हणतात हात, तर हातच असेल."

"रमिलाबेन, मी..."

"ठोकळा फुटला ते त्याच दिवशी सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी म्हटलं होतं तुम्हाला. मॅडम काय खाणार होत्या? दुसरा आला असता."

"आला असता," मी म्हणालो.

शेडच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं वाजत होती. मला वाटलं, आता त्या मला शिव्या देतील, आणि मला त्या हव्या होत्या. नाहीतर म्हणतील, जाऊ द्या सर, झालं ते झालं, आणि तेही मला हवं होतं. यातलं एकही त्यांनी केलं नाही. हातातला चिकू खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. पडदा नसताना त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं होतं ते मला आठवेना.

"माझा हात बरोबर होता ना?"

"बरोबर होता," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून. एकदाही चुकला नाही. चुकलो मी."

"मग ते लिहून ठेवा कुठेतरी. ती नर्स माझ्या हाताने शिकली आहे. तिला वाटायला नको, की रमिलाबेनचा हात वाईट होता."

"लिहितो," मी म्हणालो. 'सांगतो' म्हणालो होतो, अगदी त्याच आवाजात. ते त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी पुढे काही विचारलं नाही. इतकी वर्षं मी ते लिहिलं नाही. आज लिहिलं.

मी उठलो. फाटकापाशी जाऊन मागे वळून पाहिलं. रमिलाबेननी रबर कोपराच्या आणखी वर सारलं होतं. हातात एक चिकू धरला होता आणि त्याला नख लावून बघत होत्या. हात जराही हलत नव्हता.